डावीकडची बटणं

मार्च २०१० मध्ये उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १०.०४ ही आवृत्ती जवळजवळ तयार होती. चाचणीची प्रत उतरवून घेणाऱ्या उत्साही मंडळींनी ती सुरू केली आणि पाहतात तो काय, विंडो बंद करायचं, लपवायचं आणि मोठी करायचं अशी तिन्ही बटणं उजव्या कोपऱ्यातून उचलून डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेली. आधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि का हलवली याचं धड स्पष्टीकरणही नव्हतं.

एवढ्याशा बदलावरून रामायण झालं. हाताला लागलेली सवय मोडते, इथपासून ते हा तर विश्वासघात आहे, इथपर्यंत तक्रारी गेल्या. मतदान घ्या, अशी मागणी झाली. उबुंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थ याने जाहीर उत्तर दिलं ते असं की इथे लोकशाही नाही; सूचना द्या, पुरावे द्या, त्यांचं स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय हात वर करून होणार नाहीत. एप्रिलअखेर आवृत्ती बाहेर पडली. बटणं डावीकडेच होती.

लिनक्सच्या जगाबाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय आहे ते चटकन कळणार नाही. विंडोजमध्येही असे बदल होतात, लोक चार दिवस कुरकुरतात आणि वापरत राहतात. पण विंडोज ही एका कंपनीची मालमत्ता आहे. उबुंटू फुकट होती, तिचा कोड उघडा होता, तो वाचायची, बदलायची, वाटायची मुभा परवान्यातच लिहिलेली होती, आणि त्यातला बहुतांश कोड शटलवर्थचा पगार न घेणाऱ्या हजारो लोकांनी लिहिलेला होता. अशा वस्तूत बटणं कुठे असावीत हे ठरवायचं कोणी? मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम सामान्य माणसाच्या टेबलावर नेण्याची जी खटपट गेली तीस वर्षं चालली आहे, तिच्यात कोड लिहिणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग होता. ‘हे ठेवायचं नाही’ असं म्हणणारा, आणि म्हटल्यावर ज्याचं लोक ऐकतील असा माणूस सापडणं अवघड होतं.

ठेवायचं नाही ते काय, हे कळायला जरा मागे जावं लागेल. लिनक्सची परंपरा खरं तर युनिक्सची. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे जनक. त्यांच्यापुढे आजच्यासारखा पडदा नव्हता, टेलिटाइप होता: खडखड आवाज करत सेकंदाला दहा अक्षरं कागदावर उमटवणारं यंत्र. त्याच्या कळा जड. तेव्हा आज्ञा जितकी आखूड तितकी बरी. फाइलची नक्कल करायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’, पुसायला ‘आरएम’. नवख्याला या आज्ञा गूढ वाटतात, पण त्यामागे गूढ काहीच नाही. बोटं दुखत होती.

फोल्डरांचंही तसंच. प्रोग्रॅम ठेवायची जागा ‘बिन’. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या पीडीपी-११ संगणकाची डिस्क भरली. आज फोनवर काढलेला एक फोटोही मावणार नाही, एवढीच तिची जागा. मग जास्तीचे प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर गेले, जिथे वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या फाइली असत. त्या जागेचं नाव ‘यूएसआर’. झालं, प्रोग्रॅमना दोन घरं मिळाली. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, ती यंत्रं भंगारात गेली, पण दोन घरं राहिली, आणि नंतर आलेल्यांनी त्यांना तात्त्विक कारणंही शोधून दिली. फेडोरा या लिनक्सने २०१२ मध्ये ही दोन घरं एकत्र करायचं ठरवलं तेव्हा त्यावरही कडाक्याचा वाद झाला. चाळीस वर्षांपूर्वी एक डिस्क भरली होती, त्यावरून!

हिशाम मुहम्मद या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरने २००३ च्या सुमारास सोबत्यांना घेऊन याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या गोबोलिनक्समध्ये जुनी फोल्डरं दिसतच नाहीत. प्रत्येक प्रोग्रॅमचं स्वतःच्या नावाचं एक फोल्डर, ते काढून टाकलं की प्रोग्रॅम गेला. सामान्य माणूस मनात जी मांडणी धरून येतो, तीच. पण गंमत अशी की जुनी फोल्डरं त्यांना खरोखर काढून टाकता आली नाहीत. जगातले हजारो प्रोग्रॅम त्याच जुन्या पत्त्यांवर आपली सामग्री शोधतात. म्हणून ते पत्ते आत तसेच ठेवले आणि ते डोळ्यांआड करण्यासाठी सिस्टीमच्या गाभ्यात वेगळी सोय करावी लागली.

या सगळ्यांत सामान्य माणसाला सर्वांत जाचलेली परंपरा म्हणजे ‘रूट’. युनिक्सचा संगणक सामायिक असे. एका यंत्राला अनेक टेलिटाइप जोडलेले, प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि सगळ्यांच्या वर एक सर्वाधिकारी खातं, ते रूट. नवा प्रोग्रॅम बसवायचा, घड्याळ लावायचं, नवी डिस्क जोडायची, तर रूटकडे जा. डिस्क जोडण्यावर बंदी का, तर कुणी आपल्या डिस्कवर रूटचे अधिकार लाटणारा प्रोग्रॅम लपवून आणला तर साऱ्यांच्याच फाइली त्याच्या हाती जातील. बंदीत तथ्य होतं. पण घरातल्या संगणकावर रूटही तोच आणि वापरणाराही तोच. वाड्यात दहा बिऱ्हाडं असताना मालकाने घातलेले नियम, वाडा पडून तिथे फ्लॅट झाला तरी एकट्या राहणाऱ्या माणसाने स्वतःलाच लावून घ्यावेत, तसा हा प्रकार.

लिनक्सने ही परंपरा जशीच्या तशी उचलली, आणि त्यात नवल नाही. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये युनिक्ससारखीच पण पूर्णपणे मुक्त सिस्टीम लिहायचा संकल्प सोडला होता, त्याचं नाव ग्नू. हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टॉरव्हल्ड्सने १९९१ मध्ये स्वतःच्या हौसेपायी जो गाभा लिहिला, तो त्यात जाऊन बसला. दोघांनाही युनिक्स आवडत होती. पुढे ज्यांनी हातभार लावला त्यांनाही. वस्तू बनवणारा आणि वापरणारा एकच होता, त्यामुळे ‘हे अवघड आहे’ असं म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

त्या काळी लिनक्स बसवणं म्हणजे काय होतं, याचा एकच नमुना देतो. चित्ररूप पडदा सुरू करायचा तर एक प्रश्नावली सोडवावी लागे. माउस कोणत्या जातीचा, हा पहिला प्रश्न, तो ठीक. मग विचारत, तुमच्या मॉनिटरची आडव्या रेषांची वारंवारता किती किलोहर्ट्झपासून किती किलोहर्ट्झपर्यंत आहे? आणि उभी वारंवारता किती हर्ट्झ? शिवाय ताकीद: मॉनिटरला न झेपणारा आकडा दिलात तर तो बिघडू शकतो. मॉनिटरच्या खोक्यात आलेलं पातळ पुस्तक कुणी जपून ठेवलेलं असे? लोक अंदाजाने आकडे घालत आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहत. ते पार पडलं तरी फ्लॉपी घातल्याबरोबर उघडत नसे. ती ‘जोडायची’ आज्ञा द्यायची, काम झाल्यावर ‘सोडवायची’ आज्ञा द्यायची, आणि सोडवायला विसरून फ्लॉपी उपसली तर त्यावर लिहिलेलं अर्धवट राहायचं.

पहिला बंडखोर निघाला तो जर्मनीतला एक विद्यार्थी, माथियास एट्रिख. त्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई या प्रकल्पाची हाक दिली. त्याचं म्हणणं साधं होतं: लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी, एकाचा मेनू दुसऱ्यासारखा नाही, एकातलं दुसऱ्यात चिकटवता येत नाही, तेव्हा सामान्य वापरणाऱ्यासाठी एकसारखा डेस्कटॉप करूया. पण त्याने ज्या क्यूटी नावाच्या साधनसंचावर बांधणी केली तो त्या वेळी पुरता मुक्त नव्हता. म्हणून तत्त्वनिष्ठांनी १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. त्यात मेक्सिकोचा मिगेल दि इकाझा पुढे होता. सगळ्यांसाठी एकसारखं काही करायला निघालेल्या मंडळींनी वर्षभरात दोन वेगवेगळ्या गोष्टी उभ्या केल्या. पुढे क्यूटी मुक्त झालं, पण दोन डेस्कटॉप काही एक झाले नाहीत.

बनवणारे आणि वापरणारे वेगळे असू शकतात हे प्रयोगाने पाहिलं गेलं ते २००१ मध्ये. सन मायक्रोसिस्टिम्सला आपल्या सोलॅरिस संगणकांसाठी ग्नोम हवा होता. कंपनीने डझनभर बाहेरची माणसं बसवली, त्यांना साधी कामं सांगितली आणि ती कुठे अडतात ते टिपून घेतलं. माणसं अडली ती शब्दांपाशी आणि निवडींच्या गर्दीपाशी. त्या काळचा ग्नोम म्हणजे निवडींचं जंगल होतं. पट्टीवर घड्याळ लावायचं तर निरनिराळी अनेक घड्याळं हजर, कारण प्रत्येकाला आपापलं घड्याळ लिहावंसं वाटलं आणि ‘एक पुरे’ असं कुणी म्हटलं नाही. मुख्य घड्याळाच्या पर्यायांत बारा तासी, चोवीस तासी यांच्या जोडीला ‘युनिक्स वेळ’ही होती. म्हणजे १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद. ९ सप्टेंबर २००१ ला तिने एक अब्जाचा आकडा गाठला. दुपारचे किती वाजले हे पाहायला वर नजर टाकावी आणि तिथे दहा आकडी संख्या दिसावी, ही सोय कुणाची होती?

रेड हॅट या लिनक्स कंपनीचा प्रोग्रॅमर हॅवोक पेनिंग्टन याने २००२ मध्ये यावर एक निबंध लिहिला. मुक्त सॉफ्टवेअरमधलं या विषयावरचं इतकं स्वच्छ लिखाण मला दुसरं माहीत नाही. त्याचा मुद्दा असा की प्रत्येक पर्यायाची किंमत असते, ती दिसत नाही एवढंच. ‘हो की नाही’ अशा दहा खुंट्या ठेवल्या की १,०२४ वेगवेगळ्या सिस्टीम तयार होतात, आणि त्या सगळ्या तपासून कोणीच पाहत नाही. आणखी खोचक मुद्दा म्हणजे बरेचसे पर्याय हे टाळलेल्या निर्णयाचे पुरावे असतात. दोघांचं पटत नाही, मग दोघांचंही ठेवा, आणि भांडण मिटवण्याचं काम वापरणाऱ्याच्या गळ्यात घाला. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या ग्नोम २.० मध्ये पर्यायांना कात्री लागली होती. जुने लोक संतापले. डिसेंबर २००५ मध्ये खुद्द टॉरव्हल्ड्सने जाहीरपणे सांगितलं की ग्नोमवाले वापरणाऱ्यांना मूर्ख समजतात, तुम्ही आपले केडीई वापरा. त्याच्या रागात तथ्य नव्हतं असं नाही. त्याला जे हवं होतं ते खरंच काढून टाकलं होतं. पण ज्याने गाभा लिहिला त्याची गैरसोय आणि ज्याला फ्लॉपी उघडता येत नाही त्याची गैरसोय एका तराजूत घालता येणार नाहीत.

या वातावरणात शटलवर्थ उतरला. दक्षिण आफ्रिकेचा हा तरुण इंटरनेटवरच्या व्यवहारांना सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या थॉट या आपल्या कंपनीचा मालक होता. १९९९ च्या अखेरीस ती ५७ कोटी ५० लाख डॉलरना विकून तो गडगंज झाला, आणि २००२ मध्ये स्वतःच्या खर्चाने रशियन सोयूझमधून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. २००४ मध्ये त्याने डेबियन या जुन्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्समधली मोजकी माणसं वेचून पगारावर घेतली. अंटार्क्टिकाच्या सफरीवर जाताना डेबियनमधला पत्रव्यवहार सोबत नेऊन त्याने ही माणसं हेरली होती. २० ऑक्टोबर २००४ ला उबुंटू ४.१० बाहेर आली.

तिच्यात नवं फारसं काही नव्हतं, आणि हेच तिचं वैशिष्ट्य. गाभा तोच, डेस्कटॉप ग्नोमचा, बाकी मालमसाला डेबियनचा. नवे होते ते निर्णय. सगळं एका सीडीत बसलं पाहिजे. एका कामाला एकच प्रोग्रॅम: एक ब्राउझर, एक ऑफिस, गाणी ऐकायला एक. इतर लिनक्स पाच-सहा सीड्यांवर चार-चार संपादक देत असताना हा आचरटपणा वाटला होता. पेन ड्राइव्ह खोचला की पडद्यावर त्याचं चित्र यायचं, आज्ञा द्यायची गरज नाही. ते काम ग्नोमच्या आणि गाभ्याच्या लोकांनी नुकतंच हातावेगळं केलं होतं, उबुंटूने ते आयतं उचललं.

आणि रूटचं खातं तिने कुलूपबंद केलं. सिस्टीम बसवताना रूटचा वेगळा पासवर्ड विचारायचाच नाही. जो पहिला माणूस खातं उघडेल त्यालाच, त्याच्याच पासवर्डवर, लागेल तेव्हा तेवढ्यापुरते अधिकार द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी काढून घ्यायचे. यासाठी वापरलेलं ‘सुडू’ हे साधन नवं नव्हतं. ते १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात लिहिलं गेलं होतं, आणि तेही अशासाठी की सर्वाधिकार फार लोकांना वाटावे लागू नयेत. त्याच प्रश्नाला लिंडोज या कंपनीने दिलेलं उत्तर पाहा, म्हणजे उबुंटूच्या उत्तराची किंमत कळते. लिंडोजने सामान्य माणसाला कायमचं रूटच करून टाकलं होतं: पासवर्ड नको, अडथळा नको, सगळं खुलं. सोपं खरंच. पण चुकून उघडलेला एखादा वाईट प्रोग्रॅमही मग रूटच होतो. (लिंडोज हे नाव मायक्रोसॉफ्टला झोंबलं, कोर्टबाजी झाली, आणि २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर मोजून ते बदलून घेतलं. कंपनीला नाव ठेवण्यातून झालेली इतकी मोठी कमाई विरळाच.) ‘सोपं करा’ म्हणजे ‘कुंपण काढा’ असं लिंडोजने मानलं, उबुंटूने कुंपण ठेवलं, पण त्याला घरमालकाच्या हाताला लागेल असं फाटक बसवलं. जुन्या खोडांना दोन्ही पसंत नव्हतं.

सीडी मागवली तर फुकट घरपोच येई, टपालखर्चसुद्धा नाही. २०११ पर्यंत ही सोय चालली आणि आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये कितीतरी जणांचं लिनक्सशी पहिलं नातं त्या खाकी-तपकिरी पाकिटातून जुळलं. इथे मात्र एक वेगळीच अडचण वाढून ठेवलेली होती. इंग्रजी वापरणाऱ्याला सिस्टीम सोपी झाली होती. मराठी वाचणाऱ्याला तीच सिस्टीम पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दाखवत होती. देवनागरीत जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवायला ‘शेपिंग’ नावाचा वेगळा टप्पा लागतो, आणि तो ग्नोमकडे वेगळा, क्यूटीकडे वेगळा, ऑफिसकडे तिसराच होता. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र ‘सूर्या’तल्या रफारासारखा डोक्यावर चढत नाही, आडवा बसतो, हिंदीला तो लागत नाही, मराठीला पानोपानी लागतो. एका खिडकीत तो नीट दिसे, तोच मजकूर दुसऱ्या खिडकीत चिकटवला की रफार होऊन डोक्यावर किंवा मोडून दोन तुकडे. अनेक घड्याळांचाच हा रोग, फक्त इथे वेळेऐवजी भाषा बिघडत होती. रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतलेले ‘लोहित’ फॉन्ट २००४ च्या सुमारास मुक्त परवान्याखाली आले, त्याने अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं व्हायला हार्फबझ नावाचं एकच शेपिंग इंजिन सगळ्यांनी स्वीकारावं लागलं; लिबरऑफिस लिनक्सवर त्याकडे वळलं ते २०१३ मध्ये. प्रत्येकाने आपापलं इंजिन लिहायचा हक्क सोडला, तेव्हा कुठे ‘दुसऱ्या’ सगळीकडे सारखा दिसू लागला.

सवयींपेक्षा चिवट परंपरा तत्त्वांची असते. विकत घेतलेल्या लॅपटॉपवर वायफाय चालण्यासाठी त्या चिपच्या कंपनीने दिलेला छोटासा बंदिस्त कोड, म्हणजे फर्मवेअर, लागतो. तो मुक्त नाही, म्हणून डेबियन तो आपल्या अधिकृत सीडीवर ठेवत नसे. परिणाम असा की इंटरनेटला जोडण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवावी लागे. उबुंटूने सुरुवातीपासून तडजोड केली, एमपी३ गाण्यांबाबत पेटंटमुळे अडली, पण २००७ पासून ‘हे लागेल, आणू का?’ असं विचारून ती गाणी वाजवणारा कोड आणायची सोय तिने दिली. २००६ मध्ये निघालेल्या लिनक्स मिंटने तेही विचारणं सोडलं आणि सगळं आधीच घालून ठेवलं. मिंट लोकप्रिय होण्यामागे हे एक मोठं कारण होतं. डेबियनला मात्र या प्रश्नावर निर्णय घ्यायला २०२२ चा शरद उजाडला. तिथे मतदान होतं, ते रीतसर झालं, आणि २०२३ च्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर अधिकृत प्रतीत आलं. मतदानाने होत नाही असं नाही. वेळ लागतो.

एकाने ठरवायचं म्हटलं की चुकाही त्याच वेगाने होतात. उबुंटू ९.०४ मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस या तीन कळा एकदम दाबल्यावर अख्खं चित्ररूप सत्र न विचारता मारून टाकायची जुनी सोय बंद झाली. न जतन केलेलं काम एका बोटाच्या घसरणीने जात होतं, तेव्हा निर्णय योग्यच होता. बटणं डावीकडे नेली तो निर्णय निरुपद्रवी म्हणायचा. २०११ मध्ये ग्नोमचा नवा अवतार बाजूला ठेवून स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप आणला, हे धाडस. पण ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० मध्ये, स्वतःच्या संगणकावरची फाइल शोधायला टाइप केलेले शब्द उबुंटूच्या सर्व्हरमार्गे ॲमेझॉनकडे जाऊ लागले आणि फाइलींच्या खाली खरेदीच्या वस्तू दिसू लागल्या. स्टॉलमनने याला सरळ हेरगिरी म्हटलं. शटलवर्थचा युक्तिवाद मला आजही थक्क करतो: आमच्यावर विश्वास नाही म्हणता? अहो, प्रत्येक अपडेटबरोबर तुमच्या यंत्रावर रूट आम्हीच आहोत. तांत्रिकदृष्ट्या शब्द न् शब्द खरा. ज्या रूटला कुलूप लावून त्याने सामान्य माणसाची सोय केली होती, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. २०१६ च्या आवृत्तीत ॲमेझॉनची ती सोय मुळातच बंद ठेवून द्यावी लागली.

रागावलेल्यांनी दरम्यान परवान्यातला हक्क बजावला. अर्जेंटिनात कुणीतरी जुना ग्नोम २ उचलून माटे नावाने पुढे चालू ठेवला, मिंटवाल्यांनी सिनॅमन बांधला. एप्रिल २०१७ मध्ये शटलवर्थने युनिटी सोडल्याचं जाहीर केलं, आणि त्या ऑक्टोबरच्या १७.१० मध्ये ग्नोम परत आला. बटणं उजवीकडे गेली.

मग सामान्य माणसाकडे लिनक्स पोचली की नाही? पोचली, आणि अब्जावधींच्या संख्येने, फक्त टेबलावर नाही, खिशात. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. २००८ च्या शरदात पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला तेव्हा गूगलने वरची सगळी परंपरा काढून टाकली होती, आज्ञांची खिडकी नाही, ग्नूची साधनं नाहीत, ग्नोम-केडीईचं भांडण तर नाहीच. पण एक जुनी गोष्ट गूगलने उलटी करून वापरली, आणि ती मला त्या सगळ्या व्यवहारातली सर्वांत हुशार वाटते. युनिक्समध्ये प्रत्येक माणसाला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक असे, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या फाइलींत हात घालू नये. फोन तर एकाच माणसाचा. म्हणून अँड्रॉइडने तो क्रमांक माणसाऐवजी ॲपला दिला. बँकेचं ॲप एक ‘वापरकर्ता’, पत्त्यांच्या खेळाचं ॲप दुसरा. खेळाला बँकेच्या फाइलींत डोकावता येत नाही, त्याच बेल लॅब्जच्या नियमाने. आणि फोनच्या धन्याला रूट मिळतच नाही.

टेबलावरच्या लिनक्सनेही अलीकडे तीच वाट धरली आहे. व्हॉल्व्ह या कंपनीचा स्टीम डेक हा खेळांसाठीचा हातातला संगणक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यात लिनक्स आहे, आणि तीही आर्च लिनक्सवर बेतलेली, म्हणजे जाणत्यांची, सगळं हाताने करणाऱ्यांची. पण तो घेणाऱ्याला हे कळायचं कारण नाही. सुरू केलं की खेळ दिसतात. मेनूतून डेस्कटॉपवर गेलं तर एट्रिखच्या केडीईचा वारस तिथे उभा असतो, आणि सिस्टीमच्या फोल्डरांत काही बदलायला जावं तर नकार मिळतो: तो सगळा भाग केवळ वाचण्यापुरता खुला आहे. ज्याला परंपरा प्यारी आहे त्याच्यासाठी हे कुलूप काढायची आज्ञा व्हॉल्व्हने ठेवली आहे, लपवलेलीही नाही. ती द्यावी, सुडूने रूट व्हावं, हवे ते प्रोग्रॅम हव्या त्या जागी बसवावेत. पुढचं अपडेट येतं तेव्हा सिस्टीमची अख्खी नवी प्रत शेजारच्या जागेत उतरते, यंत्र तिच्यावरून सुरू होतं, आणि त्या भागात हाताने बसवलेलं सगळं गेलेलं असतं.